ड्रॉइंगमध्ये नसलेली सीट

माझा नवरा घरात दिवसाला चार वाक्यं बोलतो. ‘चहा झाला का?’ ‘पाणी आलं का?’ ‘लाइट गेली.’ आणि ‘झोपतो.’ लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यात काही भर पडलेली नाही. माणूस वाईट नाही हो. दारू नाही, तंबाखू नाही, हात उगारणं सोडाच, आवाज चढवणंसुद्धा नाही. चढवायला आधी आवाज असावा लागतो! आमच्या घरात आवाज आहे तो माझा. समोरच्या भागीबाई म्हणतात, ‘चंद्रभागाबाई, तुमच्याकडे रेडिओ लावायची गरजच नाही.’ म्हणू देत. कुणीतरी बोलायला नको का घरात?

पण हाच माणूस मोटरसायकलवर बसला की बोलतो. खोटं नाही सांगत. एक्याऐंशी साली ह्यांनी कारखान्यातल्या एका फोरमनकडून जुनी येझदी घेतली, आणि तेव्हापासून दर रविवारी आम्ही हिरावाडीतून निघून निफाडला माझ्या माहेरी जायचो. नांदूर नाका मागं पडला की ह्यांच्या तोंडाचं कुलूप निघायचं. माझा चेहरा दिसत नसायचा म्हणून असेल, समोर नुसता रस्ता असायचा म्हणून असेल. मागं बसून मी काय काय ऐकलंय! विमानाच्या पंखाला पहिल्यांदा रिव्हेट कसा मारला होता, ते शिलापूरजवळ. धाकट्या भावाशी का बोलत नाहीत, ते लाखलगाव ओलांडताना. आणि अठ्ठ्याऐंशी साली चांदोरीच्या अलीकडं, उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो असताना, मान न वळवता म्हणाले, ‘तू घरात बोलत असतेस ना, मला बरं वाटतं.’

मी आपला पदर सावरला आणि ‘हं’ म्हटलं. त्या फटफटीच्या आवाजात ते ह्यांना ऐकूसुद्धा गेलं नसणार.

तर असं होतं. बाकीच्या बायकांना दागिने असतात, मला मागची सीट होती. आणि तीच सीट ह्या माणसानं काढून टाकली!

थांबा, नीट सांगते. चूक माझ्यापासूनच सुरू झाली.

दोन हजार तीन साली ह्यांनी ओझरच्या विमान कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली. तीस वर्षं पत्र्याचं काम केलेला फिटर. कारखान्यात फार कडक शिस्त. हत्यारं मोजून बाहेर काढायची, मोजून आत ठेवायची, एक जरी पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान जागचं हलणार नाही. बरोबरच आहे, विमान आहे ते. पण माझं स्वयंपाकघर काय विमान आहे? पहिल्या आठवड्यात सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. ‘तूरडाळ. तपासली.’ खाली तारीख आणि सही! दुसऱ्या आठवड्यात कुकरच्या शिट्ट्यांची नोंद सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात रोज संध्याकाळी माझे चमचे मोजायला लागले. एके दिवशी एक चमचा कमी भरला, तर मला कचरा टाकू देईनात. कचऱ्याची बादली अंगणात उपडी करून बसले. शेवटी चमचा भागीबाईंकडे निघाला, खिरीच्या वाटीबरोबर गेला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘अहो, ती गाडी दिवाळीपासून बंद पडलीय अंगणात, तिला काय मोजायचं, काय तपासायचं ते करा! पण माझ्या ओट्यापासून लांब व्हा!’

खरं सांगायचं तर त्यात माझाही स्वार्थ होता. गाडीच्या इंजिनातून दिवाळीपासून खडखड येत होती, त्यामुळे चार महिने रविवार बंद. म्हटलं, गाडी सुरू होईल, ह्यांचा वेळ जाईल, आणि माझं निफाडही सुरू होईल. वर बजावून सांगितलं, ‘पाच हजारांच्या वर एक रुपया मिळणार नाही. बँकेतल्या पैशाकडे बघायचं नाही.’ ह्यांनी मान हलवली. मान हलवायला काय, त्याला शब्द लागत नाहीत.

मग ह्यांची दाढ दुखली.

पंचवटी कारंजावर एक दाताचे डॉक्टर आहेत. तिथं बसल्या बसल्या ह्यांनी एक इंग्रजी मासिक चाळलं आणि त्यातलं एक पान फाडून आणलं. तीस वर्षांत ज्यानं कारखान्यातून एक वायसर घरी आणलं नाही, त्यानं दुसऱ्याच्या मासिकातलं पान फाडलं! घडी उलगडून माझ्यापुढं धरलं तेव्हा कान लाल झाले होते. त्या चित्रात एक मोटरसायकल होती. हँडल गुडघ्याशी, टाकी लांबलचक, आणि मागं, जिथं माणूस बसतो तिथं, एक गोल कुबड. वर एक गोरा पोरगा पोटावर झोपल्यासारखा बसलेला.

‘कॅफे रेसर,’ हे म्हणाले.

‘म्हणजे काय?’

‘तिकडं पोरं एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात शर्यत लावायची.’

‘चहा प्यायला एवढी घाई?’

पण एक नजर होती ह्यांच्या डोळ्यात, ती मी कधी पाहिली नव्हती. पोरानं जत्रेत पाळण्याकडं बघावं तसा पन्नाशी ओलांडलेला माणूस त्या कागदाकडं बघत होता. मी जरा विरघळले. म्हटलं, करू दे बाई.

दुसऱ्या दिवशी गाडी सुटी झाली. अंगणात गोणपाट अंथरून त्यावर एकेक भाग, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. मी तुळशीला पाणी घालायला गेले तर वाट नाही. मांजरानं एक बोल्ट पंजानं ढकलला तर हे मांजरामागं धावले. आणि भिंतीवर, दत्ताच्या तसबिरीखाली, ते फाडलेलं पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेलं. त्याला हे ‘ड्रॉइंग’ म्हणायचे.

नांदूर नाक्यावर सहादू म्हणून एक ग्रिल-दरवाजेवाला आहे. वेल्डिंग त्याचं, डोकं ह्यांचं, अशी जोडी जमली. सहादू मात्र बोलघेवडा. आल्या आल्या म्हणायचा, ‘वहिनी, लय भारी गाडी होनार बघा. पार इमान!’ मी म्हणायचे, ‘उडून जाऊ देऊ नको म्हणजे झालं.’

आणि खरंच, पाच हजारांत ह्यांनी जे केलं, त्याला तोड नाही. उगाच कशाला नाही म्हणू? नवं खाली वाकलेलं हँडल परवडणारं नव्हतं, तर जुनंच हँडल काढून उलटं बसवलं. झालं गुडघ्याशी! पुढचा दिवा एका भंगारातल्या स्कूटरचा. पिस्टनच्या रिंगा मनमाडच्या एका जुन्या दुकानदाराकडे धूळ खात पडल्या होत्या, त्या एस.टी.नं जाऊन आणल्या. टाकीचे पोचे आतून सळई घालून, एकेक मिलिमीटर, असे काढले की सहादूला बोटानं चाचपडूनही सापडेनात. फ्रेम मात्र कापू दिली नाही. सहादू मागची नळी कापायला निघाला तर ह्यांनी त्याचा हात धरला. ‘फ्रेमला हात नाही लावायचा.’ वेल्डिंगचा चष्मा वर करून सहादू माझ्याकडं बघायला लागला, कारण एवढं मोठं वाक्य त्यानं ऐकलं नव्हतं.

राहिलं ते कुबड. एके दिवशी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि माळ्याकडं बघायला लागले.

‘ते पातेलं वापरात आहे का?’

माझ्या लग्नातलं अ‍ॅल्युमिनियमचं मोठं पातेलं. बुडाला भोक पडलेलं, पण ठेवलं होतं आपलं. मी म्हटलं, ‘न्या.’ मग तीन आठवडे अंगणात ठोकठोक. वाळू भरलेल्या पोत्यावर पत्रा ठेवायचा आणि लाकडी हातोडीनं हळूहळू गोलाई आणायची. हातोडी मारताना जीभ दातांत धरायची. दुपारी झोप नाही. भागीबाईंनी तक्रार केली तर मीच त्यांच्याशी भांडले, ‘तुमच्या नातवाचा ढोल चालतो, आमचं पातेलं चालत नाही?’ शेवटी कुबड झालं, घासून घासून असं चकचकीत केलं की मी त्यात बघून कुंकू नीट केलं.

गाडी जोडून उभी राहिली त्या दिवशी मी आरतीचं ताट घेऊन बाहेर आले. हार घातला, नारळ फोडला. किक मारली, गाडी सुरू झाली, धूर निघाला, सहादूनं टाळ्या वाजवल्या. गाडी देखणी होती हो. काळी कुळकुळीत टाकी, चकचकीत मागचा भाग. मी कौतुकानं भोवती फिरले. आणि मागं येऊन थांबले.

मागं बसायला जागाच नव्हती. सीट होती ती एका माणसाची, आणि तिच्यामागं लगेच माझं पातेलं. साडी-गार्ड काढलेलं. पाय ठेवायची पट्टी काढलेली. कॅरिअर नाही, धरायची दांडी नाही. चित्रात कुबड बघितलं होतं मी, पण चित्रातल्या पोराला बायको नसेल असं धरून चालले होते. आपल्या गाडीत तेच होणार, हे डोक्यात शिरलंच नव्हतं माझ्या!

‘अहो, मी कुठं बसू?’

हे गाडीकडं बघायला लागले, मग भिंतीवरच्या पानाकडं. चेहऱ्यावर खरोखरीचा गोंधळ. म्हणजे ह्यांच्याही डोक्यात ते आलेलं नव्हतं! तीन महिने एकेक बोल्ट तपासला आणि बायको मोजायची राहिली.

‘ड्रॉइंगमध्ये नाही,’ हे म्हणाले.

मी ताट घेऊन आत गेले. त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा माझाही आवाज आला नाही. भागीबाई दोनदा डोकावून गेल्या, बाई आजारी आहे की काय म्हणून.

पुढचे दोन रविवार हे एकटेच गेले. रस्त्यावर गाडी तपासायची म्हणे. वाकून, शर्टात वारं भरून, फटफट करत. पोरं मागं धावायची. संध्याकाळी परत यायचे ते कपाळावर धूळ, डोळे चमकलेले, आणि तोंड बंद. ‘चहा झाला का?’ मला वाटायचं, कुणाला सांगितलं असेल सगळं? रस्त्याला? आणि मी? मी एस.टी.नं निफाडला गेले. शेजारी एक बाई बसली होती, तिनं चांदोरीपर्यंत तिच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं. मला रडूच आलं. तिला वाटलं सुनेचं ऐकून आलं, बिचारीनं मला पेरू दिला.

तुम्ही म्हणाल, एवढी तोंडाची फटकळ बाई, सरळ सांगायचं ना नवऱ्याला. कसं सांगायचं? गॅस संपला हे ओरडून सांगता येतं. ‘तुम्ही माझ्याशी फक्त गाडीवर बोलता, आणि ते मला लागतं’ हे कसं ओरडायचं? जीभ उचलेना. शिवाय ह्यांचा चेहरा. असा खुललेला मी कधी पाहिला नव्हता. तो माझ्या हातानं उतरवायचा?

पण मला एक गोष्ट ठाऊक होती, तीही मागच्या सीटवर ऐकलेली. कारखान्यात ड्रॉइंग म्हणजे देववाणी. साहेबानं तोंडी सांगितलं तरी त्यात रेघ बदलायची नाही. पण झाडूवाल्यानं जरी लेखी दिलं तरी ते वाचावंच लागतं. त्याला पाच रकाने. काय बदलायचं, कुठं बदलायचं, का बदलायचं, मागणाऱ्याचं नाव, सही. आणि ‘का’चा रकाना नीट भरलेला नसला तर कागद परत.

मी रूपालीची जुनी वही काढली. रूपाली म्हणजे आमची मुलगी, पुण्याला दिलीय. पट्टीनं रेघा मारल्या. काय बदलायचं: मागची सीट, साडी-गार्ड, पाय ठेवायची पट्टी. कुठं: जिथं पूर्वी होतं तिथं. का: माहेरी जायला गैरसोय होते. नाव: सौ. चंद्रभागा. सही. आणि कागद ह्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवून दिला.

सकाळी कागद माझ्या पोळपाटावर. लाल पेन्सिलीनं, सुंदर अक्षरात, ‘एस.टी. उपलब्ध आहे. कारण अपुरं. परत.’ खाली सही, तारीख!

अगं बाई! लाटणं हातातच होतं, नशीब ह्यांचं की हे संडासात होते. ‘कारण अपुरं काय? तुमच्या तोंडाला कारण पाहिजे होय? चोवीस वर्षं भाकऱ्या थापल्या तेव्हा नाही विचारलं कारण!’ दाराबाहेर उभी राहून मी पंधरा मिनिटं बोलले. आतून नळ सोडल्याचा आवाज आला फक्त.

मग राग उतरल्यावर बसले, आणि वाटलं, बरोबर आहे की ह्यांचं. कारण अपुरंच होतं. खोटंच होतं. एस.टी. आहेच.

दुसरा कागद घेतला. चार रकाने पटकन भरले. ‘का’च्या रकान्याला अर्धी दुपार गेली. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी लिहिलं ते असं: ‘घरात तुम्ही बोलत नाही. गाडीवर बोलता. बावीस वर्षं मी माहेरासाठी गाडीवर बसत नव्हते. तुमचं ऐकायला बसत होते. ती सीट गेल्यापासून घरात मी एकटी आहे.’

वाचून बघितलं तर माझे मलाच कान गरम झाले. पण फाडला असता तर पुन्हा लिहिणं झालं नसतं. ठेवून दिला डबीखाली, आणि भागीबाईंकडे जाऊन बसले. दिवेलागणीपर्यंत त्यांच्या शेवया केल्या.

दोन दिवस काही नाही. कागद परत नाही, शेरा नाही. हे चहा पितात, पेपर बघतात, माझ्याकडं बघायचं टाळतात. मला वाटलं, झालं, माणूस दुखावला. बरा चाललेला संसार, कशाला कागदावर आणलास, चंद्रभागे?

तिसऱ्या दिवशी दुपारी ड्रिलचा आवाज आला. खिडकीतून बघितलं तर हे गाडीच्या मागं मांडी घालून बसलेले, कुबडाचे रिव्हेट एकेक करून काढत होते. कुबड सुटं झालं तेव्हा ते मांडीवर घेतलं. हातानं त्यावरची धूळ पुसली. मग लाकडी हातोडी घेतली आणि ते पोत्यावर ठेवून सपाट करायला सुरुवात केली.

धावत बाहेर गेले. ‘अहो, अहो, राहू द्या! तीन आठवडे लागलेत त्याला! असू दे तसंच, मी जाईन एस.टी.नं!’

हे थांबले नाहीत. म्हणाले, ‘पत्रा चांगला आहे. साडी-गार्ड होईल.’

आणि झालंही. नाशकात असं दुसरं साडी-गार्ड दाखवा. बाजारात मिळतं ते नुसतं तारांचं कडं असतं. ह्यांनी पत्र्याला विमानाच्या पंखासारखा उतार दिला, त्यात गोल गोल भोकं पाडली, वजन कमी व्हावं म्हणून म्हणे. भोकांच्या कडा आत वळवलेल्या, पदर अडकू नये म्हणून. लांब सपाट सीट सहादूच्या ओळखीच्या माणसानं शिवली. पाय ठेवायच्या पट्टीवर सायकलच्या टायरचा तुकडा चिकटवला, चप्पल घसरू नये म्हणून. सहादू बघायला आला आणि डोक्याला हात लावून बसला. ‘दादा, रेसर गाडीला साडी-गार्ड? आख्ख्या दुनियेत नसंल असलं काय! लोक हसतील ना!’ ह्यांनी भिंतीवरच्या पानाकडं बोट केलं फक्त. ड्रॉइंगवर कुबडाच्या जागी लाल पेन्सिलीनं सीट काढलेली होती, तिच्यावर एक आडवी बसलेली बाई, आणि खाली ‘बदल मंजूर’, सही, तारीख. बाईला अंबाडासुद्धा काढला होता.

पुढचा रविवार. मी निळी कांजीवरम नेसले. माहेरी जायला कोण नेसतं, पण नेसले. हे किक मारून पुढं वाकले, मी मागं आडवी बसले, पाय पट्टीवर, पदर खोचलेला, आणि निघालो. सगळी हिरावाडी बाहेर आली होती. ‘बाई, घट्ट धरा!’ भागीबाई ओरडल्या. मी त्यांना हात केला.

नांदूर नाका आला. मी कान टवकारले.

हे गप्प.

म्हटलं, गर्दी आहे, पुढं बोलतील. शिलापूर गेलं, गप्प. ओढा गेलं, गप्प. रस्त्यावरची माणसं बोटं दाखवून हसत होती, एक दूधवाला तर किटल्यांसकट वळून बघत राहिला, पण माझं लक्ष ह्यांच्या पाठीकडं. ह्यांनी दोनदा घसा खाकरला. एकदा म्हणाले, ‘ऊन आहे.’ मग लाखलगाव गेलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, काय करून ठेवलं मी. पाहुण्यांपुढं ‘गाणं म्हण रे बाळा’ म्हटलं की पोराचं जसं होतं, तसं ह्यांचं झालं होतं. बावीस वर्षं हा माणूस आपला रस्त्याशी बोलत होता, मागं कुणी ऐकतंय ह्याचा त्याला विसर पडलेला असायचा. आणि मी त्याला लेखी कळवलं, सहीनिशी, की मी ऐकते! आता कसला बोलतोय? सीट मिळाली, आणि जे ऐकायला हवं होतं ते गेलं. मला इतका राग आला स्वतःचा, की मी ह्यांच्या पाठीत एक बुक्कीच मारली.

‘काय झालं?’ हे दचकले.

‘काही नाही! चालवा!’

आणि मग डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. म्हटलं, बावीस वर्षं ह्यांनी सांगितलं आणि मी नुसतं ‘हं’ म्हटलं. मी कधी काय सांगितलं? घरात बोलते मी, दिवसभर बोलते. पण काय? दूध नासलं, नळ गळतोय, टॉवेल ओला टाकू नका. ह्याला का सांगणं म्हणतात? ह्या माणसाला माझ्यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं, आणि मीच त्याच्यावर तक्रारअर्ज लिहून मोकळी!

चांदोरी दिसायला लागलं होतं. हे पुढं वाकलेले, त्यामुळे कान लांब. मी ह्यांच्या खांद्याला धरून वाकले आणि माझ्या आवाजात, म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं, म्हटलं, ‘तुम्ही मला बघायला आला होतात ना, तेव्हा मी तुम्हाला नको म्हटलं होतं!’

गाडी एकदम हळू झाली. मागून जीपवाला हॉर्न वाजवत निघून गेला.

‘नको?’

‘नकोच! मावशीला म्हटलं, हा मुका दिसतोय. पोहे खाल्ले, चहा प्यायला, एक शब्द नाही. मला असला नको.’

ह्यांची पाठ जरा सरळ झाली. ‘मग?’ हे म्हणाले.

चोवीस वर्षांत ह्यांनी मला पहिल्यांदा ‘मग?’ विचारलं. मी लगेच सांगितलं नाही. मजा वाटली मला. पदर सावरला, नीट बसले.

‘अगं, मग? हो कशी म्हणालीस?’

‘तुम्ही निघालात. तुमचे वडील पुढं गेले. आमच्या अंगणात हापसा होता, तो कधीचा गळत होता, माझा भाऊ, दादा, रोज म्हणायचा बघतो. तुम्ही जाता जाता थांबलात, बाह्या वर केल्या आणि तो उघडून बसलात. नव्या शर्टावर चिखल उडाला. तुमचे वडील हाका मारत होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं. हापसा झाला, दोनदा हापसून बघितला, आणि गेलात. मी मावशीला म्हटलं, चालेल.’

माझं तोंड लाल झालं होतं, पण ते कोण बघतंय.

निफाड आलं. दादाच्या घराचं वळण आलं आणि मागं गेलं. मी म्हटलं, ‘अहो, वळण!’ ह्यांनी गाडी वळवली नाही. नैताळ्याच्या अलीकडं, द्राक्षाच्या बागा लागल्या तिथं, रस्त्याकडं बघत हे बोलायला लागले.

‘त्या हापशाचं वायसर दोन मिनिटांचं काम होतं.’

‘छे हो! अर्धा तास बसला होतात.’

‘मुद्दाम बसलो होतो. म्हटलं, आवाज ऐकून तू बाहेर येशील. काहीतरी बोलू.’ घसा खाकरला. ‘तू आलीच नाहीस.’

‘मी खिडकीत होते,’ मी म्हटलं.

‘कुठल्या?’

‘पडवीच्या. अर्धा तास.’

ह्यांनी मान थोडी वळवली. मला गालाची एक बाजू दिसली, ती हसत होती. मग हे बोलत सुटले, आणि मीही मध्ये मध्ये बोलत होते, दोघांचं एकाच वेळी चाललं होतं. दादाकडं भात गार होत होता, वहिनी आमची वाट बघत दारात उभी असणार, हे मला कळत होतं. विंचूर आलं तरी मी त्यांना वळा म्हटलं नाही.